मैलभर सडा

सोलापूरचा उन्हाळा मला आवडतो. हे वाक्य मुद्दाम आधी लिहून टाकते, कारण माहेरच्या माणसांसमोर ते उच्चारलं की ती एकमेकांकडे बघतात आणि कुणीतरी उठून मला कोकमाचं सरबत आणून देतं. देऊ दे. चैत्र सरत आला की इथे दाराबाहेरची शहाबादी फरशी सकाळीच चटके द्यायला लागते, माठावरचं ओलं फडकं बघता बघता वाळतं, आणि भिंतीच्या काळ्या दगडाला दुपारी पाठ टेकवायची सोय राहत नाही. ऊन म्हणजे काय ते इथे कळतं. बाकीच्या ठिकाणी नुसता उजेड असतो.

यंदाचा उन्हाळा आला तो एका ठेचेबरोबर. आमच्या चाळीत कोपऱ्यातल्या खोलीत नवं बिऱ्हाड आलं आहे. होटगीहून बदली होऊन आलेला रेल्वेतला तरुण माणूस आणि त्याची बायको. सामान आत नेताना तो आमच्या पायरीशी असलेल्या लाल दगडाला अडखळला, अंगठा धरून खाली बसला आणि म्हणाला, "हा दगड इथे कशाला ठेवलाय?" मी हळद आणायला आत गेले. पण डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले. दहा-बारा वर्षं तो दगड तिथे आहे आणि तो का आहे हे एका वाक्यात सांगणं मला अजून जमलेलं नाही.

तो दगड आला तो उन्हाळा सोलापुरातल्या मार्शल लॉच्या आधीचा. आमचे हे गिरणीच्या हापिसात लागले होते आणि आम्ही दोघं नुकतीच कुठे या गावाला सरावलो होतो. म्हणजे हे सरावले होते. मी भाकरी थापायला शिकत होते. शेजारची हौसाक्का मला शिकवी. ती सांगोल्याकडची, तिच्या सासरची मेंढरं अजून तिकडच्या माळावर होती आणि नवरा गिरणीत साचावर, म्हणजे मागावर, होता. माझी भाकरी काठाला फाटली की ती म्हणे, "वैनी, ही भाकर न्हाय, ही तुमच्या कोकनाची खाडी झाली की!" आणि स्वतःच हसत सुटे. असल्या बाईवर रागावता येत नाही. पुढे मी रागावले, पण त्याला वेळ होता.

सासूबाई गेल्या आणि मामंजी गावी एकटे राहिले. पावसाळा संपून आगबोटी सुरू झाल्या तसे हे जाऊन त्यांना घेऊन आले. मामंजींची यायची मुळीच इच्छा नव्हती. ते आले ते मोठ्या मुलाचा शब्द मोडवेना म्हणून. इथल्या माळवदाच्या सपाट घरांकडे बघून त्यांचा पहिला प्रश्न होता, "यांना कुणी छपरं घालायला शिकवलं नाही काय गो?"

कोकणी माणूस आठवण काढतो म्हणजे रडतो, अशी एक समजूत आहे. त्यातून तो किनाऱ्यावरचा असला तर समुद्रासाठीच रडत असणार, असंही लोक धरून चालतात. मामंजी रडत नसत. ते भांडत. आणि समुद्राचं तर त्यांनी कधी नावसुद्धा काढलं नाही. समुद्र काय, सगळ्यांचाच असतो, असं त्यांचं म्हणणं. ते बोलायचे ते दगडाबद्दल.

आमचं गाव रत्नागिरीच्या खालच्या अंगाला, एका खाडीच्या तोंडाशी. माझं माहेर त्याच खाडीच्या पलीकडच्या तीरावर. मामंजी सांगत त्याप्रमाणे गाव तीन मजली आहे. तळमजल्यावर वाळू, माडांची आगरं आणि लाटांनी झिजलेले काळे खडक. तिथून लाल पायऱ्यांची पाखाडी वर चढते. ती चढून धापा टाकत वर आलं की एकदम सगळं सपाट होतं आणि डोळ्यांसमोर सडा पसरतो. लाल-काळ्या जांभ्या दगडाचं उघडं पठार. झाड नाही, माती नाही, नुसता दगड, आणि त्याच्यावरून येणारा वारा. पावसाळ्यात त्याच्या खळग्यांतून पाणी साचतं आणि बोटभर उंचीची निळी-जांभळी फुलं येतात, इतकी की पाय कुठे टाकावा कळत नाही. उन्हाळ्यात तोच सडा करपून काळा पडतो. आमच्या घराच्या परसामागे हा सडा सुरू होई. मामंजींनी स्वतः उभं राहून विहीर खणवली होती आणि त्या विहिरीत त्यांनी सगळं पाहिलं होतं: वर लाल जांभा, मग मऊ पांढरट माती, आणि अगदी खाली, पाण्याशी, काळा पाषाण.

"तुमचाच दगड हो हा," ते चाळीच्या अंगणात बसलेल्या माणसांना सांगत. "खाली काळाच आहे. वरून पाऊस त्याला पोसतो आणि तो लाल होतो."

माणसं मान डोलवीत. इथे पाऊस पोसायला येत नाही, तोंड दाखवायला येतो. पावसाने दगडाचा रंग बदलतो हे त्यांना पटावं कसं?

आणि मग ती सकाळ आली. हौसाक्का दारापुढे सडा घालत होती. शेण कालवलेलं पाणी ती हाताने असं फेके की अंगणभर एकसारखी नक्षी उमटे. मामंजी तोंड धुऊन पायरीवर उभे होते. कौतुकाने बघत होते. त्यांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "आमच्या घरामागे मैलभर सडा आहे."

हौसाक्काचा हात बादलीत तसाच राहिला. "मैलभर? आन् त्यो रोज कोन घालतंय वो आजोबा?"

"घालायचा कसला? तो आहेच मुळी. देवाने घातलाय."

"आगं बया! देव सडा घालतूय ह्यांच्याकडं! आन् आमी हितं कंबर मोडून घेतूय!"

ती इतकी हसली की बादली कलंडली. तिचं हसणं ऐकून पलीकडची बाई आली, मग मागावरून उठून तिसरी आली. मामंजी घाईघाईने समजावू लागले की हा सडा तो सडा नव्हे, सडा म्हणजे दगड, जांभ्या दगडाचं पठार. आणि समजावण्याच्या भरात, जे सांगायला नको होतं ते सांगून बसले. म्हणाले, हा दगड जमिनीत असतो तेव्हा मऊ असतो. तासून त्याचे चिरे काढायचे. बाहेर वारा लागला की मग तो घट्ट होतो.

दगड मऊ असतो! काळ्या पाषाणाच्या गावात हे बोलले मामंजी. जिथे विहीर खणायची तर सुरुंग लावावे लागतात तिथे! त्या दिवसापासून चाळीला एक गंमत मिळाली. पोरं विचारत, "आजोबा, तुमच्या दगडाची भाजी करत्यात का?" गिरणीतून सुटलेली माणसं विचारत, "काय आजोबा, आज वारा लागला का?" त्यात दुष्टपणा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण एकदा नळावर हौसाक्का दुसऱ्या बाईला म्हणाली, "म्हातारं लई ग्वाड हाय. पर थापा मारतंय." मामंजी माझ्यामागे कळशी घेऊन उभे होते.

 त्यांनी कळशी भरली आणि ते घरी आले.

त्यानंतर त्यांनी अंगणात बसणं सोडलं. आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडत. भाकरीचा चतकोर ताटात राही. विचारलं तर हो किंवा नाही. बाहेर वैशाखाचं ऊन चढत होतं, दुपारी चाळ चिडीचूप होई, विणकर पद्मशाल्यांच्या खोलीतून मागाची खटखट तेवढी ऐकू येई, आणि मी त्या म्हाताऱ्या पाठीकडे बघत बसे. त्यांना बोलतं करावं म्हणून एकदा मी विहिरीचं काढलं. म्हटलं, मामंजी, आपल्या विहिरीत आधी लाल लागला की आधी पांढरी माती लागली?

 भिंतीकडे बघतच ते म्हणाले, "असेल काहीतरी. मलाही आता नक्की आठवत नाही."

माझं डोकं फिरलं ते तेव्हा. माणसाचं गाव त्याच्या पायाखालून जातं ते मी समजू शकते. पोटासाठी सगळेच निघतात. पण चार माणसं हसली म्हणून त्याच्या डोक्यातूनही ते जावं? ज्याने ती विहीर हाताने चाचपली होती, त्याने म्हणावं की मला आठवत नाही? यांना सांगितलं तर हे म्हणाले, "जाऊ दे. लोकांना काय कळतंय?" मी म्हटलं, जाऊ द्यायचं नाही. कळत नसेल तर कळवायचं.

माझा भाऊ दर वर्षी आंबे घेऊन येई. त्याला निरोप धाडला, या खेपेला खाडी ओलांडून मामंजींच्या घरी जा आणि तिथला एक चिरा घेऊन ये.

भाऊ आला तो टांग्यातून उतरतानाच कुरकुरत. दोन पेट्या होत्या. आगबोटीवर त्या चढवताना खलाशाने शिव्या घातल्या, बोरीबंदरला हमालाने विचारलं की यात सोनं आहे का, कुर्डुवाडीला तिकीट तपासनिसाने एक पेटी उघडायला लावली आणि आतला दगड बघून भावाकडे अशा नजरेने पाहिलं की तो पुढच्या डब्यात जाऊन बसला. "अख्खा चिरा मला उचलेना," तो म्हणाला, "अर्धाच आणलाय. आणि पुन्हा असलं काही सांगितलंस तर आंबेसुद्धा आणणार नाही."

आंब्याच्या वासाने चाळ आधीच गोळा झाली होती. मी आंब्यांची पेटी बाजूला सारली आणि दुसरी उघडली. पेंढ्यातून तो लाल, भोकाभोकांचा दगड निघाला तेव्हा खरं सांगते, मला रडू आलं. ते मी गिळलं. रडायला नव्हता आणला तो. पायरीशी ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, "हौसाक्का, हा बघा आमचा सडा. मामंजी थापा मारत नाहीत."

हौसाक्का पुढे आली. दगडाभोवती एक फेरी घातली. मग घरात जाऊन वरवंटा घेऊन आली आणि त्याच्यावर हाणला. ठक्क!

"ह्यो तर दगूडच की वैनी! मऊ कुटं हाय?"

माझा चेहरा उतरला. मी, जांभ्याच्या घरात जन्मलेली, त्याच दगडाच्या पायऱ्यांवर खेळलेली, हे साफ विसरले होते. चिरे काढतात ते पौषात. तो वैशाखापर्यंत मऊ कसा राहील? भाऊ म्हणाला, "अहो, त्याला वारा लागला," आणि सगळी चाळ पुन्हा हसायला लागली. वारा लागला! कोकणातून सोलापूरपर्यंत वारा लागला!

दारात मामंजी उभे होते. खाटेवरून उठून कधी आले ते कळलं नाही. त्यांनी दगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "उगाच आणलास गो. तो तिथेच मऊ असतो. इथवर येईपर्यंत कोण मऊ राहतो?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला सहन झालं नाही. मी आत गेले. त्या दिवशी नळाला पाणी आलं नव्हतं. माठात जे होतं ते होतं. त्यातला तांब्या भरून घेतला आणि बाहेर येऊन त्या दगडावर ओतायला लागले.

"आवो वैनी! पानी! येड लागलं का काय?" हौसाक्का ओरडली.

मी थांबले नाही. तांब्या रिकामा झाला. आणि फरशीवर ओघळ आला नाही. काळ्या दगडावर पाणी ओतलं तर ते चहूकडे पळतं, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. हे पाणी गेलं कुठे? दगडाच्या भोकांतून बारीक बारीक बुडबुडे आले, कुठेतरी आत कुणी घोट घेतल्याचा आवाज झाला, आणि त्याचा रंग गडद झाला. मग वास सुटला. सड्यावरच्या ओल्या जांभ्याचा वास. तो कसा असतो हे मी सांगत नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको.

 हौसाक्का उकिडवी बसली. एका भोकात तिने बोट घातलं, काढलं, हुंगलं. मग उठून स्वतःच्या घरात गेली. मला वाटलं, रागावली. ती आपल्या माठातला तांब्या घेऊन आली आणि तिने तो सगळा, सावकाश, त्या दगडावर ओतला.

"पितंय की वो ह्ये," ती हळूच म्हणाली. "दगूड तानलाय बिचारा."

तिने मामंजींकडे मान वर करून पाहिलं. "आजोबा, आसला मैलभर?"

"मैलभर."

"आन् त्याच्यावर गवात येतंय?"

"पावसात येतं. गुरं चरतात."

"म्हंजी माळच की आमचा! आमचा माळ काळा, तुमचा लाल. मंग आदी तसं सांगायचं न्हाय का? सडा, सडा कशाला म्हनायचं?"

"माळच," मामंजी म्हणाले. पायरीवर बसले. "माळच तो. आम्ही त्याला सडा म्हणतो एवढंच."

आणि मग ते बोलायला लागले. तिने विचारलं, मेंढरं का नाही ठेवत? त्यांनी सांगितलं. त्यांनी विचारलं, माळावर पाणी कुठे मिळतं? तिने सांगितलं. आंबे तसेच राहिले. विहिरीत आधी लाल लागला की पांढरी माती, हे मी न विचारताच मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाक्काने आपलं अंगण शिंपलं, मग आमच्या पायरीशी आली आणि शेणाच्या पाण्याची एक ओंजळ त्या दगडावर उडवली. "आजोबा, तुमच्या सड्यावर सडा घातला बरं का!" मामंजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. सोलापुरात आल्यापासून त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

ते पुढे काही वर्षं जगले आणि इथेच गेले. गावाहून सांत्वनाला आलेली माणसं म्हणाली, शेवटी परक्या मातीत गेला हो. मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं, परकी कशी? खाली काळाच आहे. मामंजींनी विहिरीत बघितलंय. त्यांना ते कळलं नाही. त्यांच्याशी वाद घालत बसण्याइतका वेळ मला नव्हता.

मलाही म्हणतात, सोलापुरात जाऊन तू फार कडक झालीस. पूर्वी किती मऊ बोलायचीस! झाले असेन. आमच्याकडचा दगडच तसा आहे. जमिनीतून काढला, वारा लागला, की घट्ट होतो. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, कारण मऊ असतो तोवर त्याची भिंत उभी राहत नाही. आणि घट्ट झाला म्हणून तो पाणी प्यायचं सोडत नाही. माझी गावाची आठवण ही अशी आहे. ती मी कुणापुढे डोळे पुसत सांगणार नाही, आणि कुणी हसलं म्हणून सोडणारही नाही. त्याचबरोबर सोलापूरचा उन्हाळा मला आवडतो, हेही सांगायचं सोडणार नाही. दोन्ही खरं आहे, आणि ज्याला एकच खरं हवं असेल त्याने माझ्या दाराशी येऊ नये.

तर, मी हळदीचा डबा घेऊन बाहेर आले तोवर नवा शेजारी उभा राहिला होता आणि सामानाच्या हमालाला सांगत होता, "हा दगड उचल आणि तिकडे उकिरड्यावर टाक. रोज कुणीतरी पडेल." हमाल वाकला होता.

"ए! हात लावू नगंस!"

हौसाक्का दारात उभी होती. केस पांढरे झालेत तिचे, गुडघे दुखतात, पण आवाज तोच आहे. ती बादली घेऊन पायऱ्या उतरली आणि दगडापुढे येऊन थांबली.

"ह्यो कोकनातला हाय. ह्यांच्या आजोबांच्या गावाला मैलभर सडा हाय आसल्याचा. तितं ह्यो मऊ असतूय. वारा लागला की घट्ट हुतोय."

तरुण माणूस अंगठा दुखत असतानाही हसला. "दगड मऊ असतो? मावशी, तुम्ही बघितलाय का तो सडा?"

हौसाक्का आयुष्यात सांगोल्याच्या पलीकडे गेलेली नाही.

"बगाया कशाला पायजे?" ती म्हणाली. "रोज पानी पाजते की म्या त्याला." आणि त्या भर उन्हात, नळाला पाणी नसताना, तिने त्याच्यादेखत सगळी बादली दगडावर ओतली.